केल्पचं जंगल, तापलेला समुद्र आणि कोण कोणाला खातंय याचा हिशोब

कळव्याच्या एका टीवाय बीएस्सीच्या मुलीने सेमिनारसाठी मला विचारलंय, की सर, केल्प म्हणजे शेवटी समुद्री शेवाळच ना, प्रकाशसंश्लेषण करणारं, मग पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला तर त्याचं भलंच व्हायला पाहिजे, तरी सगळीकडे थंड पाण्यातली केल्पची जंगलं आणि त्यातली अन्नसाखळी धोक्यात आहे असं का वाचायला मिळतं, आणि हे तापमानामुळे होतंय का आम्लतेमुळे? वर शेवटी एक ओळ, की ठाणे खाडीचं उदाहरण घालून सांगता आलं तर बरं. आता हे दोन ओळींत काही होणार नाही. मी ऐरोलीत राहतो, नोकरीतली बरीच वर्षं पाण्याखालच्या सर्व्हेत गेली, त्यातली काही टास्मानियाच्या थंड पाण्यात, त्यामुळे जे पाहिलंय आणि जे नीट सिद्ध झालंय तेवढंच लिहितो, खाडीकडे शेवटी येऊ.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना धागा सुटणार नाही. काही ठिकाणी केल्प खरंच उष्णतेने मेलंय, ते पुढे येईलच, पण जिथे जिथे जंगल गेलं आणि परत आलंच नाही अशा बऱ्याच ठिकाणी ते खाल्लं गेलंय. पाणी तापलं की केल्प अशक्त होतं, त्याच वेळी त्याला खाणाऱ्यांना मोकळं रान मिळतं आणि खाणाऱ्यांना खाणारे गायब होतात. म्हणून तुझ्या सेमिनारमध्ये नुसता तापमानाचा ग्राफ लावून चालणार नाही, त्या त्या किनाऱ्यावर कोण कोणाला खात होतं आणि त्यातलं कोण गळालं हे दाखवावं लागेल.

केल्प ही तपकिरी शेवाळं. मुळं नसतात, खडकाला घट्ट धरणारा एक पंजासारखा भाग असतो, वर देठ, पानासारखी पाती, आणि जायंट केल्पमध्ये प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा फुगा, त्याच्यावर अख्खं शेवाळ ३० मीटर खोलीतून सरळ वर येऊन पृष्ठभागावर पसरतं. परिस्थिती चांगली असेल तर दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतं, ही अतिशयोक्ती नाही. एवढ्या वाढीला खत लागतं, मुख्य म्हणजे नायट्रेट, आणि ते असतं खालच्या थंड पाण्यात. वारा पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं थंड, खतयुक्त पाणी वर येतं, कॅलिफोर्नियाचा किनारा याच्यावरच जगतो. दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी साधारण १५-१६ अंशांच्या वर गेलं की नायट्रेट जवळपास शून्यावर येतं. म्हणजे पाणी गरम झालं की केल्पला एकाच वेळी दोन फटके, ताप आणि उपासमार, आणि पुष्कळदा आधी उपासमारच बोचते कारण जायंट केल्पकडे नायट्रोजनचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. वरचं गरम पाणी हलकं, ते झाकणासारखं बसतं, खालचं वर येऊ देत नाही.

आता अन्नसाखळी. पुस्तकात काढतात तसं केल्प, मग अर्चिन, मग पाणमांजर अशी सरळ रेघ डोक्यात असेल तर ती थोडी सैल कर. केल्पमधलं ८० टक्क्यांच्या आसपास उत्पादन कोणी जिवंतपणी खातच नाही, ते तुटतं, झिजतं, वाहत जातं, तळाशी साचतं, किनाऱ्यावर फेकलं जातं, खोल दरीत जाऊन पडतं. त्याच्यावर गोगलगायी, अर्चिन, छोटे झिंग्यासारखे जीव, पाणी गाळून खाणारे शिंपले, आणि त्या सगळ्यांवर मासे. सी अर्चिन म्हणजे तो काट्यांचा गोळा, तो मुळात आळशी. निरोगी जंगलात तो खडकाच्या फटीत बसून राहतो आणि वरून वाहत येणारं तुटकं पातं पकडतो. मी हे जवळून कितीदा तरी पाहिलंय, पात्याचा हातभर तुकडा लाटेबरोबर पुढे-मागे होत येतो, एका काट्याला अडकतो, आणि मग त्याचे ते दोऱ्यासारखे नळीपाय एकेक करून बाहेर येतात, पात्याला चिकटतात आणि सावकाश, अगदी सावकाश आत ओढून घेतात. घरपोच डबा येतोय तोवर माणूस कशाला बाहेर पडेल. डबा बंद झाला की तो फटीतून बाहेर येतो, आणि बाहेर उभं असलेलं जिवंत केल्प बुडाशी खायला लागतो. बुडाशी खाल्लं की ३० मीटरचं शेवाळ एका झटक्यात सुटून वाहून जातं. इथे लक्षात घे, अर्चिनची संख्या तेवढीच असली तरी चालतं, फक्त त्याची वागणूक बदलली तरी जंगल जाऊ शकतं. पाणी गरम, केल्प उपाशी, तुटकं पातं कमी, अर्चिन बाहेर, अशी ती गाडी चालू होते. आणि अर्चिन थंड रक्ताचा, त्यामुळे त्याला सोसेल तिथपर्यंत पाणी जितकं गरम तितकी त्याची भूक जास्त.

उत्तर कॅलिफोर्नियाचं उदाहरण सविस्तर देतो कारण त्याच्यात सगळंच एका जागी आहे. तिथलं जंगल बुल केल्पचं, जे वर्षभरात उगवून वर्षभरातच संपतं, म्हणजे दर वर्षी नव्याने यावं लागतं. पाणमांजरं तिथून १९व्या शतकातच संपली होती. १७४१ साली बेरिंगची रशियन मोहीम अलास्काकडे गेली, त्यानंतर फरच्या व्यापाराने अख्ख्या उत्तर पॅसिफिकमधून पाणमांजरं जवळपास पुसून टाकली, १९११ मध्ये करार होऊन शिकार थांबली तेव्हा जेमतेम दोनेक हजार उरली असतील. काही भागात ती परत वाढली, उत्तर कॅलिफोर्नियात आलीच नाहीत. म्हणजे अर्चिनवर वचक ठेवायला तिथे मुख्यतः एकच जण उरला होता, सनफ्लॉवर तारामासा, वीस-चोवीस हातांचा, मीटरभर रुंद होणारा, आणि तारामाशाच्या मानाने चांगला पळणारा. २०१३ मध्ये तारामाशांचा एक रोग पसरायला लागला. आधी हात वेडेवाकडे वळतात, मग अंगावर पांढरे चट्टे, मग हात चक्क अंगापासून सुटून चालायला लागतात, आणि काही दिवसांत खडकावर पांढरा चिखल उरतो. सनफ्लॉवर तारामाशाची जगभरातली ९० टक्क्यांच्या आसपास संख्या गेली. हा रोग कशाने होतो यावर बारा वर्षं वाद चालले, एका व्हायरसवर संशय होता, तो टिकला नाही, शेवटी २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाच्या जिवाणूवर बोट ठेवता आलं. व्हिब्रिओ म्हणजे कॉलराच्या जिवाणूचाच गोतावळा, आणि या गोतावळ्याला साधारणपणे गरम पाणी मानवतं. रोगाचा जोर पाणी जिथे नेहमीपेक्षा गरम तिथे जास्त होता हे तर आधीपासून दिसत होतं.

त्याच्यावर २०१४ ते २०१६ ती प्रसिद्ध उष्णतेची लाट आली, जिला तिकडे ब्लॉब म्हणतात. म्हणजे बघ, वचक ठेवणारा आधीच गेला, मग खत बंद, मग तुटकं पातं बंद, आणि जांभळे अर्चिन फटीतून बाहेर. काही वर्षांत ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं बुल केल्पचं ९० टक्क्यांहून जास्त छत्र गेलं. लाल अबलोनी, म्हणजे मोठ्या चपट्या कवचाची समुद्री गोगलगाय, तिचंही अन्न तेच, त्या उपाशी मेल्या आणि २०१८ पासून हौशी लोकांना अबलोनी काढायला बंदी झाली. लाल अर्चिन काढून विकणाऱ्या डायव्हरांचा धंदा बसला कारण अर्चिनच्या आत विकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे आत काही उरलं नव्हतं म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच खरी गोम आहे. खात्यापित्या घरचा अर्चिन फोडलास तर आत पिवळ्याधमक नारिंगी रंगाच्या पाच जाड फाका दिसतात, जपानी लोक ज्याला उनी म्हणून महागात खातात ते हेच, त्याची प्रजननाची इंद्रियं. ओसाड खडकावरून उचललेला फोडलास तर पाणी, थोडी तपकिरी आतडी आणि कवचाला चिकटलेले पाच बारीक तपकिरी दोरे. वरून दोघं सारखेच, काटे शाबूत, हलतात, चालतात. असा उपाशी अर्चिन मरत नाही, चयापचय कमी करून वर्षानुवर्षं तग धरतो आणि खडकावर केल्पचं नवं रोपटं आलं रे आलं की ते खाऊन टाकतो. त्याला खाणारेही त्याच्या वाटेला जात नाहीत. मध्य कॅलिफोर्नियात, मॉन्टेरीला, पाणमांजरं आहेत, आणि तिथल्या निरीक्षणात स्पष्ट दिसलं की ती उरलेल्या केल्पच्या तुकड्यांमधले भरलेले अर्चिन खातात, ओसाड भागातले रिकामे खात नाहीत. पाणमांजर रोज स्वतःच्या वजनाच्या पाव भाग अन्न खातं, ते रिकामी कवचं फोडत कशाला बसेल. त्यामुळे पाणमांजरं उरलेलं जंगल वाचवतात, गेलेलं परत आणत नाहीत. पाणमांजर सोडा आणि जंगल आपोआप परत येईल असं सांगणारे लेख तुला भरपूर सापडतील, ते जपून वाच.

दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी उत्तरेपेक्षा गरमच, १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निनोने तिथली केल्पची छत्रं साफ केली होती, तरी ती परत आली. कारण तिथे अर्चिन खाणारे एकापेक्षा जास्त आहेत, शीपहेड नावाचा दातांचा मासा आहे, काटेरी शेवंड आहे, तारामासा गेला तरी बाकीचे कामावर होते, विशेषतः जिथे मासेमारीला बंदी आहे तिथे. तापमान दक्षिणेतही वाढलं आणि उत्तरेतही, फरक पडला तो वरच्या फळीत किती पर्यायी भक्षक शिल्लक होते त्याने. एल निनोने गेलेलं आणि परत आलेलं, आणि ब्लॉबने गेलेलं आणि न आलेलं, हे दोन शेजारी ठेवून दाखव, परीक्षकाला पुढचं फार समजवावं लागणार नाही. लँडसॅट उपग्रहाची १९८४ पासूनची केल्पच्या छत्राची चित्रं आहेत, ती वापर.

टास्मानियात गोष्ट थोडी वेगळी. तिथे खाणारा बाहेरून आला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून दक्षिणेकडे जाणारा उबदार प्रवाह जोर धरून आणखी खाली पोहोचायला लागला आणि त्याच्याबरोबर न्यू साउथ वेल्सचा लांब काट्यांचा अर्चिन. त्याच्या पिल्लांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अळ्यांना, वाढायला साधारण १२ अंशांच्या वर पाणी लागतं. पूर्वी टास्मानियाचा हिवाळा त्याच्या खाली असायचा, मग तो वर सरकला, बस. १९७८ मध्ये टास्मानियात पहिल्यांदा तो नोंदवला गेला, आता पूर्व किनाऱ्यावर ठिकठिकाणी त्याने खडक साफ केलाय. दिवसा गेलीस तर खडक तसा रिकामा वाटतो, फटींमधून नुसती काळी काट्यांची टोकं, रात्री टॉर्च घेऊन उतरलं की सगळी मंडळी बाहेर चरायला. त्याला खाणारी तिथली शेवंड आहे, रॉक लॉबस्टर, पण हे काम मोठ्या शेवंडीलाच जमतं, आणि मोठ्या शेवंडी आधीच पकडून झालेल्या. तिथलं जायंट केल्प मात्र मुख्यतः त्या गरम, खत नसलेल्या पाण्यानेच गेलं, पूर्व टास्मानियात ९५ टक्के, आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने ते अख्खं जंगलच धोक्यातली परिसंस्था म्हणून जाहीर केलं. थोडक्यात तिथे दोन्ही कामं चालू आहेत, एका जातीचं केल्प तापाने आणि दुसऱ्या जातीचं अर्चिनने.

निव्वळ उष्णतेचं उदाहरण हवंच असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलिया, २०११. एका लाटेत किनाऱ्यावरचं केल्प उत्तरेच्या टोकाकडून १०० किलोमीटर मागे हटलं. पण तिथेही पुढची गोष्ट खाणाऱ्यांचीच. मोकळ्या खडकावर बारीक गवतासारखं शेवाळ पसरलं, उत्तरेकडून उष्ण पाण्यातले शाकाहारी मासे आले, आणि पाणी पुन्हा थंड झालं तरी येणारी केल्पची रोपं त्यांनी टिकू दिली नाहीत.

आता आम्लता. इथे आधी एक विनंती, व्हिनेगरच्या ग्लासात शिंपला टाकून विरघळताना दाखवायचा तो प्रयोग कृपा करून करू नकोस. मुलांना मजा येते पण डोक्यात चुकीचं चित्र बसतं. समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण ते लॉगरिदमिक माप आहे, म्हणजे हायड्रोजन आयन साधारण ३० टक्क्यांनी वाढलेत. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव भाग समुद्र पितो. तो पाण्यात मिसळला की हायड्रोजन आयन सुटतात आणि ते कार्बोनेटला जाऊन चिकटतात, त्यामुळे कवच बांधणाऱ्याला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. कवच विरघळण्याच्या कितीतरी आधी बांधणं महाग पडायला लागतं. त्याची किंमत प्रौढ जीव सोसतो, अळीला जमत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ऑयस्टर हॅचरींमध्ये २००७ च्या सुमारास अळ्या लाखोंनी मेल्या त्या याच्यामुळे, खालून वर येणारं पाणी मुळातच जास्त आम्लधर्मी, त्यात आपली भर. आणि आठवतंय ना, केल्पला खत देणारं पाणी ते हेच. पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर जे पाणी केल्पला पोसतं तेच अबलोनीच्या आणि अर्चिनच्या अळीला जड जातं.

अर्चिनचं कवच मॅग्नेशियम जास्त असलेल्या कॅल्साइटचं, लवकर विरघळणारं, आणि जास्त आम्ल पाण्यात त्याच्या अळ्या प्रयोगशाळेत लहान राहतात. मग कोणी म्हणेल, वा, अर्चिन कमी होतील, केल्प वाचेल! हा तर्क मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. पण त्याच पाण्यात अबलोनी आहे, गोगलगायी आहेत, खडकावरचं गुलाबी चुनखडी शेवाळ आहे, ज्याच्यावर अबलोनीच्या अळ्या येऊन बसतात. अर्चिन एकटा थोडाच मार खाणार. शिवाय पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या कमी झाल्या तरी खडकावर आधीच बसलेले उपाशी अर्चिन दशकभर तिथेच असतात. वागणूकही बदलते, कॅलिफोर्नियाच्या खडकांवरच्या काळ्या टर्बन गोगलगायींना कमी पीएचच्या पाण्यात ठेवलं तर तारामाशाचा वास आल्यावर त्या नेहमीसारख्या पाण्याबाहेर चढत नाहीत, तिथेच गोंधळल्यासारख्या राहतात. कवच तर शाबूत आहे, पण शिकार व्हायची शक्यता वाढली.

आणि तुझा मूळ प्रश्न, कार्बन डायऑक्साइड वाढला तर केल्पचं भलं का नाही? बहुतेक केल्पकडे पाण्यातला बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या कार्बनचं एक रूप, वापरायची यंत्रणा आधीच असते, आणि समुद्रात बायकार्बोनेट भरपूर, म्हणजे कार्बनची त्याला कधी टंचाई नव्हतीच, त्याची अडचण नायट्रोजन आणि उजेडाची. नळाला पाणी भरपूर असणाऱ्या घरात टँकर पाठवला तर उपयोग काय. फायदा जास्त होतो तो त्या बारीक गवतासारख्या शेवाळाला, ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता दोन्ही एकत्र वाढवल्यावर तेच जोमाने पसरलं, आणि ते एकदा खडकावर पसरलं की गाळ धरून ठेवतं, केल्पच्या बीजाणूंना बसायला जागाच राहत नाही. केल्प स्वतः दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून आसपासच्या पाण्याचा पीएच वाढवतं हे खरंय, पण ते मुख्यतः वरच्या थरात, आणि रात्री उलटं होतं. केल्प लावा आणि आम्लता घालवा असं विकणारे आहेत, त्यांना खोलीचे आणि रात्रीचे आकडे मागायचे.

दोन्ही गोष्टी मिळून काय करतात याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण अल्युशियन बेटांचं, अलास्काच्या पश्चिमेला. १९७४ मध्ये एस्टिस आणि पाल्मिसानो या संशोधकांनी तिथेच दाखवलं होतं की पाणमांजर असलेल्या बेटांभोवती केल्प आणि नसलेल्यांभोवती अर्चिन. १९९० च्या दशकात तिथली पाणमांजरं पुन्हा कोसळली, बहुधा किलर व्हेल त्यांना खायला लागल्यामुळे. अर्चिनने केल्प संपवलं आणि मग खालच्या चुनखडी शेवाळाच्या जाड थरालाच हात घातला. हा थर वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, शतकानुशतकं जमलेला, आणि झाडाच्या खोडासारखी त्याला वर्षाची वलयं पडतात, त्यामुळे कापून बघितलं की कोणत्या काळात अर्चिनचे चावे किती हे वाचता येतं. फरच्या व्यापारानंतरही पाणमांजरं नव्हती, अर्चिन होते, तेव्हाही चावे पडले, पण थर टिकला. आता टिकत नाहीये. २०२० मध्ये याचा प्रयोगासकट अभ्यास आला, औद्योगिक काळाआधीच्या तापमानात आणि आम्लतेत अर्चिन थराला कमी इजा करतो आणि आजच्या पाण्यात लक्षणीय जास्त, कारण थर मऊ झालाय आणि अर्चिनची भूक वाढलीय. भक्षक जाण्याची घटना तीच, समुद्र बदलल्यामुळे तिचा परिणाम वेगळा. तुझ्या 'तापमान का आम्लता' या प्रश्नाला मी हेच एक उदाहरण देईन.

सगळीकडे वाईटच चाललंय असं मात्र लिहू नकोस. जगभरच्या पन्नासेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये जो आढावा आला त्यात ३८ टक्के प्रदेशांत केल्प घटलं, २७ टक्क्यांत वाढलं आणि बाकीच्यांत बदल नक्की सांगता आला नाही. मध्य नॉर्वेमध्ये तर हिरव्या अर्चिनने १९७० च्या दशकात ओसाड केलेली जंगलं परत येतायत, कारण पाणी गरम झाल्यावर त्या अर्चिनच्या अळ्यांना ते मानवेना आणि अर्चिनची पिल्लं खाणारे खेकडे उत्तरेकडे सरकले. उलट कॅनडात नोव्हा स्कोशियाला गरम पाण्यात एका रोगाने अर्चिन मरतात, म्हणजे केल्पला सुट्टीच, पण त्याच गरम पाण्यात पात्यांवर एका बारीक जीवाची पांढरी जाळीदार पुटं चढतात, पातं ठिसूळ होतं आणि वादळात तुटतं, मग तिथेही ते गवतासारखं शेवाळ. ज्या त्या किनाऱ्याचं गणित वेगळं.

खाडीचं काय? ठाणे खाडीशी केल्पची थेट तुलना करू नकोस. आपल्याकडे केल्प नाही, मालवण-रत्नागिरीला खडकावर सरगॅसम दिसतं ते तपकिरी शेवाळच पण केल्प नव्हे. आणि खाडीचा पीएच भरती-ओहोटी, सांडपाणी आणि चिखलातल्या कुजण्याने रोज इतका वरखाली होतो की तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम वेगळा काढणं कठीण. एक गोष्ट मात्र बिनधास्त घे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राकडे ओहोटीला जा आणि तिवरांच्या खाली चिखल बघ. झाडावरचं पान थेट खाणारे कमीच, पडलेलं पान कुजतं आणि त्याच्यावर खेकडे, गोगलगायी, कोळंबीची पिल्लं, निवट्या, आणि पुढे ते पकडणारे पक्षी आणि माणसं. केल्पच्या जंगलातही बहुतेक अन्न असंच तुटक्या-कुजक्या मालातून जातं, एवढं साम्य दाखवलंस तर प्रामाणिक राहील. फ्लेमिंगो उगाच मध्ये आणू नकोस, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत आली वगैरे ठीक आहे पण त्याचा या विषयाशी संबंध नाही.

त्यापेक्षा खरंच आपल्या समुद्रातलं उदाहरण हवं असेल तर ओमान. आपल्याकडे जून-सप्टेंबरला जो नैऋत्येचा वारा पाऊस आणतो तोच ओमानच्या धोफार किनाऱ्यावरचं वरचं पाणी ढकलून खालचं थंड पाणी वर आणतो, आणि त्या काही महिन्यांत तिथे चक्क केल्प उगवतं, पश्चिम ऑस्ट्रेलियात मागे हटलेलं तेच एक्लोनिया, आणि तिथे अबलोनीही आहे. म्हणजे अरबी समुद्रातही केल्प आहे आणि ते मान्सूनवर टांगलेलं आहे. यावर एक स्लाइड ठेव, कळव्याला बसलेल्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.

उपाय विचारतीलच. अर्चिन हाताने काढणं छोट्या जागेत चालतं, टास्मानियात लांब काट्यांच्या अर्चिनची डायव्हरांकडून व्यापारी काढणी चालू आहे आणि सरकारचा त्याला हातभार आहे, तिथेच उष्णता सोसणारी जायंट केल्पची रोपं निवडून लावून बघतायत, वॉशिंग्टन राज्यात सनफ्लॉवर तारामासा टाक्यांमध्ये वाढवतायत. यातल्या कशानेच पाणी थंड होणार नाही, पण मोठ्या शेवंडी, शीपहेड, तारामासे शिल्लक असलेला किनारा पुढच्या लाटेला जास्त टिकाव धरतो, हे दक्षिण कॅलिफोर्नियाने दाखवलंय आणि ते आपल्या हातात आहे. 'मग आम्लता महत्त्वाची का उष्णता' असं कोणी अडवलंच तर सांग, आजवर झालेल्या मोठ्या पडझडीत उष्णतेचा आणि भक्षक जाण्याचा हात स्पष्ट दिसतो, आम्लतेचा हात अल्युशियनच्या त्या थरात आणि अळ्यांमध्ये दिसतो, आणि पुढच्या दशकांत तिचा वाटा वाढत जाणार. स्लाइड तयार झाल्या की पाठव, अर्चिनच्या आतल्या फाकांचे भरलेले आणि रिकामे असे दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत, ते देतो.